मोठीआई आली, बाबा सुटले!

ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफीचा कप हातात धरून कुणी सहज म्हणालं, 'पुढच्या आठवड्यात आई येतेय गावाहून,' तर बाकीच्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघाच. निव्वळ असूया! आता या भाग्यवंताच्या डब्यात महिनाभर गरम पोळ्या, कपाटात घडी घातलेले कपडे आणि फ्रीजमध्ये निवडलेली भाजी असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई, सासू, मावशी, काकू, आत्या... नातं कुठलंही असो, 'मदतीला माणूस येणं' हा आपल्या पिढीचा सर्वांत भरवशाचा फंडा आहे. बाळ झालं, कामवाली न सांगता सोडून गेली, नवरा ऑनसाइट गेला, पाय मुरगळला, की पहिला फोन जातो तो गावाकडे. २०१७ मध्ये मातृत्व रजेचा कायदा बदलला. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरीही सत्ताविसाव्या आठवड्यात आपल्या फ्लॅटची बेल वाजवते ती दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक पन्नाशी-साठीची बाईच.

ती येते म्हणजे कुठून तरी निघालेली असते. ती निघाल्यावर तिथं काय होतं, हे पॅन्ट्रीत कुणी विचारत नाही. मला ते बघायला मिळालं वाशीममध्ये, आईच्या उजव्या हाताच्या कृपेने.

वाशीम माझं माहेर. पुण्यात नाव सांगितलं की निम्मे लोक 'वाशी का?' म्हणतात आणि उरलेले आम्हाला मराठवाड्यात ढकलतात. तर एकदाच सांगून टाकते. हा विदर्भ. पूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो, १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. वाकाटकांची वत्सगुल्म नावाची राजधानी होती ना, ती आमचीच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभरातले 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या चारांमध्ये वाशीमचा नंबर लागला. नाव ऐकायला झकास आहे. अर्थ एवढाच, की अजून बरंच काही व्हायचं राहिलंय.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीला आठवडा असताना, आई अंगणातल्या धुण्याच्या दगडाजवळ घसरली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर! भाऊ हैदराबादला आयटीत. मी फ्रीलान्सर, म्हणजे समस्त नातेवाइकांच्या मते 'घरीच असते'. तेव्हा लॅपटॉप पाठीवर टाकून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मीच निघाले. नवऱ्याला पुण्यात कुकरच्या शिट्ट्यांचं गणित लिहून दिलं आणि फ्रीजवर चिकटवलं.

इकडे वाशीमला दुसरा विद्यार्थी तयार होता. माझे बाबा. वय सहासष्ट, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि स्वयंपाकघराशी संबंध पाणी प्यायला जाण्यापुरता. आई पाटाऐवजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून डायरेक्शन करायची, 'अहो, तो गंज नाही, बाजूचा. सांडशी घ्या, सांडशी. हाताने काय उचलता?' (आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. माझ्या पुणेरी नवऱ्याला 'तो मोठा गंज धुऊन ठेव' म्हटलं होतं तेव्हा तो खिडकीच्या गजांकडे बघत राहिला होता.) पहिल्या दिवशी वरणाची शिट्टी झाली की नाही यावर आई-बाबांचा वाद झाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी कुकरशेजारी वही ठेवली आणि शिट्टीगणिक रेघ मारली. तिसऱ्या दिवशी भात चक्क मोकळा झाला. बाबा फडा घेऊन घर झाडताना शेजारच्या काकांनी बघितलं तेव्हा ते थोडे ओशाळले, पण झाडत राहिले. मी पोळ्या करत होते, म्हणजे त्यांना पोळ्या म्हणायचं असं घरात ठरलं होतं. भांड्यांना एक मावशी यायच्या. ओढूनताणून का होईना, गाडी चालली होती.

पाचव्या दिवशी दुपारी दारात एसटीच्या धुळीने माखलेली मोठीआई उभी!

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. पुण्या-मुंबईकडे 'काकू' म्हणतात त्या नात्याला आमच्याकडे असं भरदार नाव आहे. ती रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बासष्ट वर्षांची, मोठे काका जाऊन सहा वर्षं झालेली. दादा, म्हणजे तिचा मुलगा, शेती बघतो. सोयाबीन, तूर, हरभरा, थोडा गहू. कुणी बोलावलं नव्हतं. आईचा हात मोडल्याचं फोनवर कळलं आणि ती निघाली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मोठीआई अशा मोहिमांवर जास्तच निघते, हे माझं निरीक्षण. बाळंतपण, ऑपरेशन, लग्नाचे पापड, कुणाचं मयत... पूर्वी 'तिकिटाचे पैशे कायले घालवायचे' म्हणून दोनदा विचार व्हायचा, आता हाफ तिकीट की बसली. सवलतीचा असाही उपयोग होतो, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

तिच्या पिशव्यांतून निघालं ते असं : तुरीच्या हिरव्या शेंगा, ज्वारीचं पीठ, फल्लीदाणे, गावरान लसूण, तिळगुळासाठी घरचे तीळ, आणि स्वतःची दोन लुगडी. चहा घेतला, आईचा प्लॅस्टर उलटसुलट न्याहाळला आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "हे काय वं बाई? कांद्याची टोपली अशी असते काय?"

संध्याकाळी बाबा सवयीने कुकर लावायला उठले. मोठीआईने त्यांच्या हातातून डाळीचा डबा अलगद काढून घेतला.

"भाऊजी, तुम्ही बसा न बाप्पा. मी हाय न आता."

बाबा बसले. लगेच बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मराठीत 'सुटलो' म्हणतात.

पुढचा आठवडा घर असं चाललं की बस! सकाळी अंगणात सडा, रांगोळी. आईची वेणीफणी. सोले-वांगी, पाटोड्या, कढी, गरम भाकर. तुरीचे ओले दाणे, ज्यांना आम्ही सोले म्हणतो, त्यांची भाजी पुण्यात कितीही पैसे दिले तरी अशी मिळत नाही. शेंग तोडल्यापासून किती वेळात कढईत गेली यावर तिची चव ठरते. माझी दोन किलोंनी वाढ झाली. दोन रखडलेले लेखही झाले.

फक्त मला खोड आहे, वही काढायची.

२०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर 'टाइम यूज सर्व्हे' केला. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची नोंद. मला त्याची पद्धत भारी आवडते. दिवस धरतात तो आदल्या पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करतात. एका तुकड्यात एकाहून जास्त कामं असतील तर त्यातली फारतर तीन लिहून घेतात. म्हटलं, आपणही मोठीआईचा एक दिवस असाच लिहू.

पहिली अडचण आली सकाळी सहा ते साडेसहाला. आमच्या भागात नळ रोज येत नाही. शहराला पाणी एकबुर्जी धरणाचं. नळाचा दिवस म्हणजे घरात लगीनघाई असते, आणि तो नेमका नळाचा दिवस होता. त्या अर्ध्या तासात मोठीआईने दोन ड्रम, टाकी आणि पिण्याचे तीन गुंड भरले, दूध उतू जाऊ दिलं नाही, आईला तोंड धुवायला मदत केली, कणीक भिजवली आणि भांडीवाल्या मावशींच्या सुनेची चौकशी केली. पाच कामं. सरकारी फॉर्ममध्ये यातली दोन गळाली असती. तिचा दिवस सुरू झाला होता चार चाळीसला, आणि संपला रात्री साडेनऊला, विरजण लावून. मधे दुपारी अर्धा तास पाठ टेकली, तेवढ्यातही तांदूळ निवडायचं ताट शेजारी होतं. मी तिला टोकलं तर म्हणाली, "तू काय लिवून रायली वं मघापासून? माह्यं नाव नोको लिवजो." मी म्हटलं, मोठीआई, इथे तरी जरा आराम कर, सुट्टी समज. तर हसली. "कायची सुट्टी? गाव बदललं, काम थेच."

आता थोडे आकडे, कंटाळू नका. २०१९ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, आणि पुरुषांचा ९७. पण यात एक गोम आहे. ही ९७ मिनिटं फक्त त्या पुरुषांची, ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला होता. असे पुरुष साधारण चारांत एक. उरलेल्या तिघांचा आकडा शून्य. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली होती. दहा मिनिटं कमी! आनंद मानावा, तोवर दुसरा रकाना दिसतो. पुरुषांची मिनिटंही ९७ वरून ८८ झाली होती. बायकांची जी काही दहा मिनिटं वाचली, ती पुरुषांनी उचलली नाहीत, एवढं नक्की. मग ती गेली कुठे? थोडी गॅसने वाचवली असतील, थोडी मिक्सरने, थोडी नळाने.

न्यायालयांनीही हे आकडे बघितलेत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रस्ता अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायलाच हवं असं सांगितलं, आणि त्या निकालपत्रात २९९ आणि ९७ ही जोडी आहे. वाचून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, हिशेब मांडला गेला तो ती बाई अपघातात गेल्यावर.

आमच्या घरात मात्र ९७ चा प्रवास उलटा झाला होता. पहिल्या चार दिवसांत बाबा रोज दीडेक तास कामं करत होते. देशाची सरासरी गाठली होती त्यांनी! मोठीआई आल्यावर थेट शून्य. आईचा भार ती येण्याआधीही उतरलेला होता, कारण तिचा हातच प्लॅस्टरमध्ये. माझाही फार नव्हता. मदत आली आणि मोकळं झालं कोण, तर बाबा. पेपर आता ते अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचू लागले. मी एकदा म्हटलं, 'बाबा, कुकर?' तर म्हणाले, 'वहिनींना आवडत नाही मधे मधे केलेलं.' खोटंही नव्हतं ते. मोठीआईच्या डोळ्यांदेखत दिराने फडा हातात घेणं म्हणजे तिच्या येण्याचाच अपमान. ती मदतीला आली होती, आणि तिच्या लेखी मदतीची व्याख्या पक्की होती : बाईचं काम दुसऱ्या बाईने उचलायचं.

भावानेही मदत पाठवली. ऑनलाइन. फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, वरून फुलांचं कव्हर फ्री. आता ज्यांच्या घरी पाणी ड्रममधून तांब्याने येतं त्यांना सांगायला नको, की या मशीनला नळाचं सलग आणि जोराचं पाणी लागतं. ते नसलं की ती लाल दिवा लावून गप्प उभी राहते. सेमी ऑटोमॅटिक असती तर बादलीने ओतून चालली असती. आठवडाभर मशीन हॉलमध्ये कव्हर घालून उभी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्यावर वाणाच्या वाट्या मांडल्या. येणाऱ्या बायकांनी कौतुक केलं. धुणं दगडावरच.

मोठीआईला येऊन बारा दिवस झाले तेव्हा ती म्हणाली, रविवारी घरी एक चक्कर टाकून येतो, तुरीचं खळं झालं काय पायतो, सोमवारी परत. (आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. हे ऐकून कुणी व्याकरण काढू नये.) मीही तिच्याबरोबर निघाले. दोन हाफ तिकिटं. खिडकीतून दोन्ही बाजूंना तूर काढलेली मोकळी रानं, मधेच हिरवा हरभरा. जानेवारी म्हणजे इकडे कामाचा महिना. तूर कापायची, झोडपायची किंवा मशीनमधून काढायची, गव्हाला पाणी. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने येते, ज्या आठवड्यात पाळी रात्रीची असेल तेव्हा दादा रात्री बाराला बॅटरी घेऊन रानात. वहिनी सकाळी सातलाच बायकांबरोबर तुरीवर.

मग घरात कोण?

घरात माझी भाची होती. चौदा वर्षांची, नववीत. आम्ही रविवारी अकराच्या सुमाराला पोचलो तेव्हा ती चुलीसमोर बसून सहावी की सातवी भाकर थापत होती, शेजारी धाकटा भाऊ मोबाइलवर गेम खेळत होता. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच, सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून. आजीला बघून तिने उडी मारली. मग मला म्हणाली, "आत्या, तू आलीस तं जरा कालवण पाय न, मी अभ्यासाले बसतो."

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शेजारच्या मोठ्या गावी जायचं, मुलींना एसटीचा मोफत पास असतो. बस सकाळी सव्वानऊची, ती चुकली की पुढची बारानंतर, म्हणजे गेलीच शाळा. एरवी मोठीआई पहाटे चुलीपाशी असते म्हणून पोरगी सव्वानऊला फाट्यावर उभी असते. मोठीआई वाशीमला आल्यापासून पहाटेचा सडा, पाणी, म्हशीचं शेण, रानात नेायच्या भाकरी, धाकट्याची आंघोळ, सगळं नववीतल्या मुलीकडे. बारा दिवसांत तिची पाच वेळा बस चुकली होती. तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. वहीत किती पानं कोरी राहिली ते मैत्रिणीच्या वहीवरून उतरवायचंय, एवढंच म्हणाली. बीजगणिताची वही होती.

वहिनी दुपारी रानातून आली. डोक्याचा रुमाल सोडत हसत म्हणाली, "बरं केलं, आईंना घेऊन आलात. ठेवून जाता का आता?"

हसूनच म्हणाली. पण चुलीपाशी एकदम शांतता झाली.

आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. नोकरी करणाऱ्या बायकांची घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू होते, हे त्यांनी १९८९ च्या 'द सेकंड शिफ्ट' या पुस्तकात मांडलं, ते पुष्कळांना माहीत असतं. २००० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. श्रीमंत देशातल्या घरात मूल सांभाळायला गरीब देशातली आई येते. तिची स्वतःची मुलं सांभाळायला तिच्या देशात दुसरी, तिच्याहून गरीब बाई ठेवली जाते. आणि त्या दुसऱ्या बाईची मुलं कोण सांभाळतं? तिची थोरली मुलगी. या साखळीला त्यांनी नाव दिलं 'ग्लोबल केअर चेन'. विमानं, व्हिसा, डॉलर असलं सगळं त्यात आहे. रिसोड तालुक्यातल्या त्या स्वयंपाकघरात यातलं काही नव्हतं, पैशाचा व्यवहार नव्हता, सगळी मायेची माणसं होती. साखळीचं टोक मात्र तेच. एक थोरली मुलगी.

आणि वरचं टोक? वाशीमला आरामखुर्चीत, छोट्या जाहिराती वाचत.

मोठीआई बराच वेळ काही बोलली नाही. तुरीच्या पोत्यात हात घालून दाणे बघितले, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग नातीची वही उचलली. तिला वाचता येतं, दुसरीपर्यंत शिकलीय. पानं उलटली आणि कोऱ्या पानांवर बोट ठेवत गेली. एक, दोन, तीन... मोजून झाल्यावर वही मिटली.

"बाई, तू जाय वाशीमले. मी आता येत नाही," ती मला म्हणाली. "तुह्या बापाले सैपाक येते. मी पाह्यलं होतं आल्या दिवशी. भात चांगला झाला होता त्याचा."

म्हणजे तिला माहीत होतं! कुकर लावायला उठलेल्या दिराच्या हातून डबा काढून घेताना गंजात उरलेला मोकळा भात तिने बघितला होता. "मग काढून कशाला घेतलास डबा?" मी विचारलं. तर उत्तर दिलं, "मंग मी कायले आली होती?"

हे वाक्य मी पुण्याला आल्यावर माझ्या तीन मैत्रिणींना सांगितलं. तिघींच्याही सासूबाया मुलाला स्वयंपाकघरातून हाकलतात, आणि तिघीही त्यावर भांडून दमल्यात. पण मला वाटतं, त्या बाईच्या बाजूने एकदा बघायला हवं. साठ वर्षं जिचं घरातलं मोल कामावर ठरलं, तिने दुसऱ्याच्या घरी येऊन नुसतं बसावं कसं? पाहुणी म्हणून आयतं खाणं तिला माहीतच नाही. तिला थांबवायचं तर ते तिने नव्हे, ज्याच्या हातातून डबा जातो त्याने. त्याने डबा घट्ट धरावा की!

सोमवारी सकाळी मी पाच किलो नव्या तुरीचं ओझं घेऊन एकटीच वाशीमला उतरले. बाबांनी दार उघडलं, माझ्या मागे बघितलं.

"वहिनी?"

"राहिल्या तिथे."

"अच्छा." मग जरा थांबून, "मग स्वयंपाक?"

मी त्यांना वहीतली पाच कोरी पानं सांगितली. बीजगणिताची आहेत हेही सांगितलं. गणिताच्या मास्तरांना ते लागणारच होतं. त्यांनी काही भाष्य केलं नाही. संध्याकाळी कुकरशेजारी पुन्हा वही दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन लावून 'रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल कर, राहिलेला धडा करून टाकू' असं फर्मान काढलं. तो क्लास चालू आहे अजून.

उरलेले दिवस सोपे गेले असं कुणी समजू नये. बाबांची भाकरी तव्यावर टाकण्याआधीच फाटायची, शेवटी त्यांनी भाकरी सोडून खिचडीवर प्रभुत्व मिळवलं. चार दिवस सलग खिचडी खाल्ल्यावर आईने प्लॅस्टरच्या हाताने नमस्कार केला. मशीन बदलून सेमी ऑटोमॅटिक आली आणि धुणं बाबांचं झालं. यावर वाद नाही, चर्चा नाही. ज्या कामाला बटण आणि टायमर असतो ते करताना पुरुषांना ओशाळं वाटत नाही, हा माझा शोध. शेजारच्या काकांनाही त्यांनी ती चालवून दाखवली. पाणी किती, साबण किती, एका फेरीत किती कपडे, सगळं पाठ. कपडे वाळत घालायला मात्र ते अजूनही मागच्या अंगणातली दोरीच वापरतात. पुढची रस्त्यावरून दिसते.

फेब्रुवारीत आईचं प्लॅस्टर निघालं. मनगट अजून कडक आहे, व्यायाम चालू आहेत. मी त्याआधीच पुण्याला परतले होते. इथे माझ्या चुलतबहिणीला, म्हणजे मोठीआईच्या स्वतःच्या मुलीला, एप्रिलमध्ये बाळ होणार होतं. ती हिंजवडीत नोकरी करते, नवराही तिथेच. मार्चच्या एका रविवारी आम्ही तिच्याकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा तिने आईला स्पीकरवर फोन लावला. कधी येतेस, तिकीट काढू का, दोन महिने तरी राहा.

मोठीआई म्हणाली, पोरीची परीक्षा एप्रिलच्या मध्यावर सरते. त्याच्या आधी जमणार नाही. आणि पेरणीच्या आधी मले परत यावं लागते.

"चालेल ग आई, परीक्षा झाल्यावर ये."

"थे तं येतोच. पन एक सांग," पलीकडून आवाज आला, "जावईबापूले किती दिवसाची सुट्टी हाय?"

टेबलाभोवती सगळे जावईबापूंकडे बघू लागले. केंद्र सरकारच्या नोकरीत पुरुषांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपन्यांवर तसं कायद्याचं बंधन नाही, ज्याची त्याची पॉलिसी. त्याने घसा साफ केला.

"पाच दिवस, आई."

"पाच?" मोठीआई म्हणाली. मागे म्हैस ओरडल्याचा आवाज आला. "पंधरा तरी माग म्हना सायबाले. अन् भात लावता येते काय तुमाले?"